गेममध्ये आवाजाचा घोळ झालाय? फॉरमॅट मारायच्या आधी हिरवी पट्टी बघा

प्रश्न आलाय तो थोडक्यात असा. तासगावचा पोरगा, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, दोन वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप. युट्यूब क्लिअर, गाणी क्लिअर, पण गेममध्ये गेलं की म्युझिक येतं, गोळ्यांचा आवाज येतो आणि माणसं नुसती तोंड हलवतात, डायलॉग ऐकूच येत नाहीत. मित्रांबरोबर डिस्कॉर्डवर, म्हणजे खेळता खेळता बोलायच्या अॅपवर आला की गेमचा आवाज एकदम बसतो. आणि मारामारी जोरात सुरू झाली की कढईत फुटाणे फुटल्यासारखी तडतड. दुकानदार म्हणाला फॉरमॅट मारू, नाही गेलं तर साऊंड कार्ड घालू, अडीच हजार. "दादा, कार्ड घेऊ का?"

नको घेऊस भावा. अडीच हजार खिशात ठेव.

मी सांगलीत हेच काम वीस वर्षांच्या वर करायलोय. सुरुवात एका सायबर कॅफेत मशीनी सांभाळण्यापासून झाली, तिथं दहा पीसींवर पोरं काउंटर-स्ट्राइक खेळायची आणि त्यातल्या तीन हेडफोनची एक बाजू कायम मेलेली असायची. त्या अनुभवानं सांगतो, तुझा एक प्रॉब्लेम नाहीये, तीन आहेत, आणि तिघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. आपण सगळ्याला मिळून "साऊंडचा प्रॉब्लेम" म्हणतो आणि तिथंच फसतो. फॉरमॅट मारलास तर त्यातला एक जाईल, दुसरा डिस्कॉर्ड परत टाकलं की परत येईल आणि तिसरा जागचा हलणार पण नाही, वर तुझे प्रोजेक्ट आणि सेव्ह गेम गेले ते वेगळंच.

तुमच्या तासगावकडं द्राक्षबागा म्हणून ठिबकचं उदाहरण देतो. शेवटच्या ओळीतल्या वेलीला पाणी येईना झालं तर कोण लगेच नवी मोटर आणत नाही. मोटर चालूय का, फिल्टरच्या पुढं प्रेशर आहे का, व्हॉल्व्ह उघडाय का, नळी कुठं दुमडलीय का, ड्रिपर चोंदलाय का, असं चालत चालत जायचं आणि जिथं पाणी थांबलंय तिथं खाली बसायचं. आवाजाचं पण तेच आहे. गेम आवाज तयार करतो आणि विंडोजच्या मिक्सरमध्ये सोडतो, मिक्सर सगळ्या प्रोग्रामचे आवाज एकत्र करून ड्रायव्हरला, म्हणजे चिपशी बोलणाऱ्या प्रोग्रामला देतो, ड्रायव्हर मदरबोर्डवरच्या आवाजाच्या चिपला देतो, चिप त्या आकड्यांचा करंट करते, तो जॅकमधून वायरीत आणि वायरीतून तुझ्या कानात. सहा-सात टप्पे. कुठल्या टप्प्यावर आवाज गेला एवढंच शोधायचं असतं.

आणि यातलं प्रेशर गेज म्हणजे हिरवी पट्टी. ही एक गोष्ट शिकलास तर अर्धं काम झालं म्हणून समज. विंडोजचं बटण दाबून धर आणि आर दाब, एक छोटा डबा उघडतो, त्यात एस एन डी व्ही ओ एल ही अक्षरं सलग टाईप कर आणि एंटर मार. जुनं व्हॉल्यूम मिक्सर उघडतं, विंडोज १० ला पण उघडतं आणि ११ ला पण. त्यात प्रत्येक चालू प्रोग्रामचा वेगळा खांब दिसतो आणि त्या खांबात आवाजाबरोबर हिरवी पट्टी वरखाली नाचते. गेम खिडकीत चालव, फुल स्क्रीन नको, म्हणजे मिक्सर शेजारी ठेवून बघता येतं. एक खोच आहे बरं का, बऱ्याच गेममध्ये आपण दुसऱ्या खिडकीवर क्लिक केलं की गेम स्वतःच म्यूट होतो, तसं सेटिंगच असतं, ते आधी बंद कर नाहीतर तू मिक्सरवर क्लिक करशील, पट्टी झोपेल आणि तू म्हणशील सापडलं सापडलं.

आता दुसरा डबा. परत विंडोज आणि आर, यावेळी एम एम एस वाय एस, मग टिंब, मग सी पी एल. ही जुनी साऊंडची खिडकी. त्यात प्लेबॅक टॅबवर तुझ्या मशीनमधली आवाज बाहेर सोडणारी सगळी ठिकाणं दिसतात, स्पीकर, हेडफोन, मॉनिटर, ब्लूटूथ काय असेल ते, आणि प्रत्येकासमोर तसलीच हिरवी पट्टी.

या दोन पट्ट्या शेजारी ठेव आणि बघ. गेमच्या खांबातली पट्टी हलतच नसली तर आवाज गेममधूनच बाहेर पडत नाहीये, तिथं वायर बदलून, कार्ड बदलून, देवाला नारळ फोडून काही होणार नाही, गेमची सेटिंग आणि गेमच्या फाइली बघायच्या. गेमची पट्टी हलतेय पण तुझ्या हेडफोनसमोरची शांत आहे, तर आवाज भलत्याच दारानं चाललाय, खाली कुणाची पट्टी नाचतेय ते बघ. आणि दोन्ही मस्त नाचतायत तरी कानात काही नाही, तर विंडोजनं त्याचं काम केलंय, पुढं जॅक, वायर, हेडफोन.

भलत्या दारानं जाण्याची केस महिन्यातनं तीन-चारदा तरी येतेच येते. ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर अपडेट केला की त्याच्याबरोबर एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टमधून जाणाऱ्या आवाजाचा ड्रायव्हर पण बसतो, आणि कधी कधी त्यानंतर डिफॉल्ट म्हणून मॉनिटरच निवडला जातो, ज्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत. पट्टी जोरात नाचतेय आणि खोलीत स्मशानशांतता. योग्य डिव्हाइसवर क्लिक करून डिफॉल्ट केलं की झालं, आणि मॉनिटरवाला कधीच लागत नसेल तर त्याला राइट क्लिक करून डिसेबलच करून टाक, कायमची कटकट गेली. त्यातच आणखी एक, बरेच गेम सुरू होताना जे डिव्हाइस चालू दिसेल त्यालाच धरून बसतात, मग मध्येच हेडफोन खोचला तर गेमला पत्ताच नसतो. आधी हेडफोन लावायचा, मग गेम चालू करायचा. एवढ्या साध्या गोष्टीसाठी लोक कॅबिनेट उचलून आणतात, खरं सांगतो.

आता तुझा पहिला आजार, तोंड हलतंय पण डायलॉग नाही. हे मला वाचल्या वाचल्या कळलं, कारण तूच लिहिलंयस की युट्यूबला माणसांचा आवाज नीट येतो. युट्यूबचा व्हिडिओ साधारण दोन चॅनेलचा, डावा आणि उजवा, बोलणाऱ्याचा आवाज दोन्हीकडं सारखा. पण गेमनं जर समजलं की या माणसाकडं ५.१ ची सिस्टीम आहे, म्हणजे समोर दोन, मागं दोन, मधोमध एक आणि एक धमधम करणारा सबवूफर, तर तो संवाद उचलून मधल्या, सेंटर चॅनेलवर टाकतो. सिनेमातली पद्धत आहे ती, बोलणं पडद्याच्या मधोमधून यावं म्हणून. आणि तुझ्याकडं मधला स्पीकर आहेच कुठं, तू लावलाय दोन कानांचा हेडफोन. म्युझिक आणि गोळ्या डाव्या-उजव्यातून येतात त्या ऐकू येतात, बोलणं जातं रिकाम्या जॅकमध्ये. खरंच जातं, थट्टा नाही. ज्या मदरबोर्डला मागं तीनच जॅक असतात, हिरवा, निळा आणि गुलाबी, त्याला ५.१ वर टाकलं की निळ्यातून मागचे स्पीकर निघतात आणि माइकच्या गुलाबी जॅकमधून सेंटर आणि सबवूफर. हौस असेल तर सेटिंग बदलायच्या आधी हेडफोनची पिन गुलाबीत घालून बघ, तुझ्या गेममधली सगळी माणसं तिथं बोलत बसलेली सापडतील.

इलाज दोन मिनिटांचा. त्याच जुन्या साऊंडच्या खिडकीत प्लेबॅकमध्ये तुझं डिव्हाइस निवड, खाली डाव्या हाताला कॉन्फिगर असं बटण आहे, त्यात ५.१ किंवा ७.१ निवडलेलं असणार, ते स्टिरिओ कर, नेक्स्ट नेक्स्ट फिनिश. मग गेमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये जा, होम थिएटर, सराउंड असं काही असेल तर तिथं हेडफोन किंवा स्टिरिओ कर, गेम पूर्ण बंद करून परत चालू कर. हे ५.१ वर गेलं कसं म्हणशील, तर बहुतेक तूच केलंयस. जॅक खोचला की "काय लावलंय?" म्हणून खिडकी येते आणि आपण घाईत कशावर तरी ओके मारतो.

स्टिरिओ करून पण डायलॉग आले नाहीत तर मग फाइली. एक सरळ प्रश्न विचारतो, राग मानू नकोस, गेम विकत घेतलेला आहे का कुठनं तरी उतरवलेला रिपॅक? रिपॅकमध्ये साईज कमी करायला भाषांच्या आवाजाच्या फाइली वेगळ्या काढून ठेवलेल्या असतात, आपण डेटा वाचवायला इंग्लिशची पण टिक काढतो आणि मग सगळा गेम मुका. त्यावर माझ्याकडं इलाज नाही आणि असला तरी देणार नाही. स्टीमवरचा, म्हणजे त्या ऑनलाइन दुकानातनं घेतलेला असेल तर लायब्ररीत गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स, तिथं व्हेरिफाय करायचं बटण आहे, खराब किंवा गायब फाइल तेवढीच परत उतरते, अख्खा गेम नाही. प्रॉपर्टीजमध्येच भाषेचं सेटिंग पण बघून घे.

यावरनं एक सांगतो, कारण लक्षण सारखं दिसतं आणि लोक गोंधळतात. मागं एकजण मिरजेहनं मांडीत कॅबिनेट धरून स्कूटरवर मागं बसून आला होता. त्याचा पण माणसांचा आवाज गायब, पण त्याचा गेममध्ये पण गायब आणि गाण्यातला गायकाचा आवाज पण गायब, मागची वाद्यं मात्र विहिरीतनं आल्यासारखी येतायत. मी कॅबिनेटच्या पुढं बघितलं, हेडफोनची पिन दोन मिलिमीटर बाहेर. त्या पिनेचं बूड जाड आणि कॅबिनेटचं भोक अरुंद, त्यामुळं ती पूर्ण आत बसतच नव्हती. असं झालं की पिनेची अर्थ, म्हणजे कॉमन वायर सुटते आणि दोन्ही कानांचे स्पीकर एकमेकांना सिरीजमध्ये जोडले जातात, मग कानात फक्त डाव्या-उजव्यातला फरक येतो, आणि जे दोन्हीकडं सारखं आहे ते, म्हणजे नेमका गायकाचा आवाज, एकमेकाला खाऊन टाकतं. मी ब्लेडनं भोकाची कड जराशी तासली, खट्ट करून पिन आत गेली आणि गायक परत आला. तुझं युट्यूब क्लिअर आहे म्हणून तुझं हे नाही, पण कुणाला गाण्यात पण बोल ऐकू येत नसतील त्यानं आधी पिन दाबून बघावी.

दुसरा आजार, डिस्कॉर्डवर आलं की गेम बसतो. हा तर आजारच नाही, हा विंडोजचा जास्तीचा शहाणपणा. त्याच जुन्या साऊंडच्या खिडकीत शेवटचा टॅब आहे कम्युनिकेशन्स नावाचा. विंडोजला वाटतं की माणूस फोनवर बोलायला लागला म्हणजे बाकीचे आवाज कमी करावेत, आणि आपण हात लावला नसेल तर तिथं ८० टक्के कमी करा असं निवडलेलं असतं. खाली डू नथिंग निवड, ओके कर. मग डिस्कॉर्डमध्ये व्हॉइसच्या सेटिंगमध्ये पण अॅटेन्युएशन म्हणून स्लाइडर आहे, कुणी बोललं की बाकीचे प्रोग्राम किती खाली आणायचे ते ठरवणारा, तो शून्यावर आण. झालं.

पण थांब, तू हेडफोन कुठला ते लिहिलं नाहीस. ब्लूटूथ असेल तर गोष्ट वेगळी आहे. साध्या ब्लूटूथ हेडसेटला दोन वेषांत यावं लागतं. गाणी ऐकायचा वेष, त्यात स्टिरिओ चांगला आवाज पण माइक बंद. आणि फोनवर बोलायचा वेष, त्यात माइक चालू पण आवाज मोनो आणि टेलिफोनसारखा, कारण त्यात सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती आकडे जातात ते, ८ किंवा १६ हजारावर येतो, जिथं गाण्यांना ४४ किंवा ४८ हजार असतो. डिस्कॉर्डनं किंवा गेममधल्या व्हॉइस चॅटनं हेडसेटचा माइक उघडला की हेडसेट दुसऱ्या वेषात जातो आणि तुझा गेम पत्र्याच्या डब्यातनं आल्यासारखा वाजायला लागतो. यात बिघाड काही नाही. माइक दुसरा वापर, वेबकॅमचा चालेल, कॉलर माइक चालेल, डिस्कॉर्डमध्ये आणि गेममध्ये दोन्हीकडं तो निवड म्हणजे हेडसेट गाण्यांच्याच वेषात राहतो. तसंही ब्लूटूथला आवाज उशिरा येतो, आधी गोळी लागते मग आवाज येतो, त्यामुळं नेमबाजीच्या गेमला वायरचा हेडफोन तो वायरचाच, किंवा स्वतःचा डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर असलेला वायरलेस. आणि तो डोंगल मागच्या यूएसबी ३ च्या पोर्टात हार्डडिस्कच्या शेजारी खोचू नको, यूएसबी ३ च्या वायरी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतात आणि डोंगल पण तिथंच बोलतो, मग आवाज तुटतो. एक हातभर एक्स्टेंशन वायर घेऊन डोंगल टेबलावर आण.

आता तिसरा, तडतड. हा खरा आजार, आणि इथं घाई चालत नाही.

तडतड दोन जातीची असते आणि कानालाच ओळखायला शिकावं लागतं. एक जात फक्त गेम जड झाला की येते, फुटाणे फुटल्यासारखी, गेम हलका झाला की जाते. दुसरी जात म्हणजे सततची गुणगुण किंवा खरखर, गेम बंद असला तरी असते, माऊस हलवला तरी आवाज बदलतो, ब्राउझर वरखाली स्क्रोल केला तरी किर्र करतं. पहिली जात मशीनच्या आतल्या धांदलीची, दुसरी विजेची. तू मारामारीत येते म्हणालास म्हणजे पहिली, पण दुसरीपण सांगतो कारण आपल्याकडं तीच जास्त.

पहिलीचं कारण असं. चिप सेकंदाला ४८ हजार सॅम्पल वाजवते. विंडोज ते साधारण १० मिलिसेकंदाच्या घासांमध्ये भरवतं, म्हणजे एका घासाला ४८०. पुढचा घास वेळेत आला नाही तर चिप थांबत नाही, तिच्याकडं वाजवायला काही नसतं तेवढा तुकडा रिकामा जातो आणि त्या रिकाम्या जागेच्या दोन कडा म्हणजे आपल्याला ऐकू येणारी "तट्". चित्र अडकलं तर आपण म्हणतो जरा लॅग झाला, पण कान अडकणं सहन करत नाही. म्हणजे साऊंड चिप खराब नसतेच, तिला वेळेत जेवण मिळत नसतं. आता सांग, नवीन साऊंड कार्ड घालून काय होणार, ते पण उपाशीच बसणार.

मग जेवण अडवतंय कोण? पहिली टेस्ट फुकटातली, गेममध्ये फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, ६० वर बांधून टाक. तडतड गेली तर प्रोसेसर १०० टक्क्यावर जात होता आणि आवाजाला वेळ मिळत नव्हता, तसंच बांधून खेळ, मागं चालू असलेलं ब्राउझर आणि डाउनलोड बंद कर. गेली नाही तर लेटन्सीमॉन नावाचं एक प्रोग्राम आहे, घरच्या वापराला फुकट, ते चालू करून दहा मिनिटं गेम खेळ आणि मग ड्रायव्हर्सच्या टॅबमध्ये बघ, कुठल्या ड्रायव्हरनं प्रोसेसर सगळ्यात जास्त वेळ अडवून धरला ते तिथं कळतं. एनडीआयएस नावाची फाइल वर दिसली तर संशय नेटवर्कवर, बहुतेक वेळा वायफायचा स्वस्तातला डोंगल. डोंगल काढून पाच मिनिटं खेळून बघ, शांत झालं तर सापडला चोर, त्याचा ड्रायव्हर बदल नाहीतर सरळ राउटरपासून पीसीपर्यंत लॅनची वायर ओढ. डीएक्सजीकेआरएनएल वर दिसली तर ग्राफिक्सकडं बघ, ड्रायव्हर नवा टाक आणि नव्यानंच सुरू झालं असेल तर मागचा टाक. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स कर. रॅमचा स्पीड बायॉसमध्ये जाऊन वाढवला असशील, कुणीतरी सांगितलं म्हणून, तर एकदा नेहमीच्या स्पीडवर आणून बघ.

आणि आवाज सुधारणारी जेवढी म्हणून सॉफ्टवेअर आहेत, बास वाढवणारी, ७.१ चा भास देणारी, मदरबोर्डबरोबर फुकट आलेली, ती सगळी बंद कर. डिव्हाइसच्या प्रॉपर्टीजमध्ये एन्हान्समेंट्स बंद करायची टिक असते. तिथंच अॅडव्हान्स्डमध्ये डिफॉल्ट फॉरमॅट आहे, तो १६ बिट ४८००० वर ठेव. पोरं तिथं १९२००० करून ठेवतात, जास्त आकडा म्हणजे भारी आवाज असं वाटतं, पण गेममधले आवाज बहुतेक ४४ नाहीतर ४८ चेच असतात, फुकटची आकडेमोड वाढते आणि काही जुने गेम तर १९२ ला आवाजच काढत नाहीत. त्याच पानावर एका प्रोग्रामला डिव्हाइसचा पूर्ण ताबा घेऊ द्यायची टिक असते, गाण्याचा प्लेअर असा ताबा घेऊन बसला तर गेम मुका होतो, ती काढ.

आता विजेची जात. विश्रामबागकडचं एक घर, नव्या स्पीकरमधनं सतत भुंग्यासारखी गुणगुण. मी गेलो, कॅबिनेटच्या मागं उघड्या पत्र्याला हाताची पाठ लावली, झिणझिण्या. भिंतीतल्या सॉकेटला तीन भोकं, पण उघडून बघितलं तर वरच्या मोठ्या भोकाला वायरच नाही, घर बांधताना अर्थिंगची वायर ओढलीच नव्हती. पीसीच्या पॉवर सप्लायचा फिल्टर आतला कचरा करंट अर्थिंगमध्ये सोडायला बघतो, अर्थिंगच नाही म्हटल्यावर तो ऑडिओच्या वायरीतनं रस्ता काढतो. मी स्पीकरला हात पण लावला नाही, वायरमन बोलवायला सांगितलं, आणि हे तुलापण सांगतो, सॉकेट स्वतः उघडू नको. तीन पिनेची वायर दोन पिनेच्या कन्व्हर्टरमध्ये घालून वापरतोस का ते मात्र आज बघ. स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर लाइट गेल्यावर पीसी चालत असेल तर तेवढ्यापुरती घरघर येते, ती त्या इन्व्हर्टरची.

कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमधून खरखर आणि मागच्या हिरव्या जॅकमधून साफ, असं असेल तर पुढच्या जॅकपासून मदरबोर्डपर्यंत जाणारी बारीक वायर ग्राफिक्स कार्डाच्या अंगावरनं गेलीय, तिथनं गोंगाट उचलते. मागंच लाव, विषय संपला.

जॅकवरनं आठवलं, सांगलीत जॅकचे आजार वेगळेच असतात. २०१९ च्या पुरात गावभागातली कितीतरी मशीनं पाण्यात गेली, वाळवून काही चालू पण झाली, आणि पुढं सहा-आठ महिन्यांनी तीच मशीनं एका कानातला आवाज गेला म्हणून आली. आत टॉर्च मारला तर जॅकच्या पत्र्यांवर हिरवट बुरशीसारखा थर. आयसोप्रोपिल अल्कोहोल पिनेला लावून, मशीनची वायर काढून ठेवून, दहा-पंधरा वेळा आतबाहेर केलं की बरेचसे सुटतात. दुसरा किस्सा मार्केट यार्डातला, हळदीच्या अडत दुकानातला पीसी, दिवसा बिलं आणि रात्री मालकाच्या पोराचा गेम. स्पीकर एकदम बंद. हिरवी पट्टी नाचतेय, मागची वायर ठीक, स्पीकर मोबाईलला लावला तर ठणठणीत. पुढच्या हेडफोन जॅकमध्ये काडी घालून बघितली तर पिवळीधमक, आत हळदीचा भुगा ठासलेला. जॅकच्या आत एक बारीक स्विच असतो, पिन आत गेली की तो कळवतो हेडफोन लागला, आणि मशीन मागचे स्पीकर गप करतं. तो स्विच हळदीनं अडकून बसला होता, मशीनला कायम वाटत होतं की हेडफोन लागलाय. ब्लोअर मारला, माझा शर्ट पिवळा झाला, स्पीकर बोलायला लागले.

जुने गेम खेळणाऱ्यांसाठी दोन ओळी. चालू करताना एक्सऑडिओ२_७ किंवा एक्स३डीऑडिओ१_७ नावाची डीएलएल फाइल सापडत नाही म्हणून एरर आला तर ती फाइल कुठल्या तरी साईटवरून सुटी उतरवू नका, व्हायरस घरी आणाल. मायक्रोसॉफ्टचं जून २०१० चं डायरेक्टएक्स रनटाइम टाका, १० आणि ११ वर पण चालतं. ओपनएएल३२ मागितलं तर ओपनएएलचा इन्स्टॉलर. आणि एक्सपीच्या काळातल्या गेमचा सराउंड आता येत नाही कारण व्हिस्टापासून विंडोजनं डायरेक्टसाऊंडला, म्हणजे जुने गेम ज्यातनं आवाज काढायचे त्या भागाला, साऊंड कार्डाच्या हार्डवेअरपर्यंत पोचायचा रस्ताच बंद केला.

पावलांची दिशा चुकते, शत्रू डावीकडं आणि आवाज मागनं, असं विचारणारे पण खूप आहेत. त्यात बहुतेक वेळा गेमचं स्वतःचं थ्रीडी ऑडिओ पण चालू असतं आणि वर विंडोज सॉनिक, म्हणजे विंडोजचा स्वतःचा सराउंडचा भास पण. एकच ठेवा, गेममधलं.

आणि फॉरमॅट. फॉरमॅट कधीच मारू नये असं नाही, पण आधी सिद्ध कर की दोष विंडोजमध्येच आहे. आठ जीबीचा पेन ड्राइव्ह घे, त्यात उबंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टीम टाक, इन्स्टॉल न करता नुसतं पेन ड्राइव्हवरून चालू कर आणि गाणं वाजव. तिथं पण आवाज नाही म्हणजे चिप, जॅक नाहीतर वायर, फॉरमॅटनं काही होणार नव्हतं. तिथं साफ वाजलं म्हणजे हार्डवेअर ठीक, दोष विंडोज किंवा ड्रायव्हरचा, आणि मग पण आधी मदरबोर्ड कंपनीच्या साईटवरनं तुझ्या मॉडेलचा ऑडिओ ड्रायव्हर टाकून बघायचा. चिप मेलीच असली तरी यूएसबीचं छोटं साऊंड कार्ड काहीशे रुपयांत येतं, आतलं कार्ड घालायची गरज नाही. माझ्या बॅगेत असलं एक कायम असतं, विकायला नाही, तपासायला.

तर आज रात्री स्टिरिओ आणि डू नथिंग एवढं दोनच कर, तुझे दोन आजार तिथं जायला पाहिजेत. तडतडीसाठी लेटन्सीमॉन दहा मिनिटं चालवून ड्रायव्हर्स टॅबचा स्क्रीनशॉट पाठव, हेडफोनचं मॉडेल आणि वायफाय कशानं घेतोयस ते पण लिही. आणि मोबाईलनं तिरका फोटो काढू नको बाबा, ट्यूबलाइटची चमक आणि तुझा अंगठा दिसतो, आकडे दिसत नाहीत, प्रिंटस्क्रीनचं बटण आहे की कीबोर्डवर.